वर्षाचा कौल, काळाचा कान

मिळालेला पुरस्कार दुसऱ्याच्या हक्कासाठी नाकारणारा माणूस क्वचित भेटतो. १९७३ मध्ये तो मुंबईत भेटला. ‘बेईमान’मधल्या भूमिकेसाठी प्राण यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. त्याच ‘बेईमान’ला त्या वर्षीच्या उत्कृष्ट संगीताचा मानही मिळाला होता. तो शंकर-जयकिशन यांच्या नावे गेला. प्राण यांच्या मते त्याचे खरे मानकरी ‘पाकीजा’चे गुलाम मोहम्मद होते. गुलाम मोहम्मद १९६८ मध्येच वारले होते. स्वतःची बाजू मांडायला ते उरले नव्हते, म्हणून पडद्यावरचा खलनायक त्यांच्या बाजूने उभा राहिला.

त्याच वर्षी, २७ मार्च १९७३ रोजी, लॉस एंजेलिसमध्ये ऑस्कर सोहळा झाला. तिथेही संगीताच्या विभागात असेच काही घडले होते. ‘द गॉडफादर’च्या संगीतासाठी निनो रोटा यांना नामांकन मिळाले आणि मग ते काढून घेण्यात आले. चित्रपटातली सर्वांत गाजलेली धून त्यांनीच १९५८ च्या ‘फॉर्च्युनेला’ या इटालियन चित्रपटासाठी बांधली होती, असे उघड झाले होते. संगीत शाखेच्या सदस्यांनी पुन्हा मतदान केले आणि रिकाम्या जागी ‘स्लूथ’ आला. पुरस्कार मात्र गेला चार्ली चॅप्लिन यांच्या ‘लाइमलाइट’ला. हा चित्रपट १९५२ चा. चॅप्लिन यांना अमेरिकेत परतण्याची परवानगी नाकारली गेली, त्यांच्यावर राजकीय रोष होता, आणि त्या काळात चित्रपट लॉस एंजेलिसमध्ये रीतसर लागलाच नाही. तो तिथे लागला १९७२ मध्ये, म्हणून वीस वर्षांपूर्वीचे संगीत ‘यंदाचे’ ठरले. चॅप्लिन यांच्याबरोबर ज्या दोन सहकाऱ्यांची नावे पुकारली गेली, ते दोघेही तोवर हयात नव्हते.

एकाच वर्षीची ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. ‘या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटसंगीत कोणते’ हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. त्यातला प्रत्येक शब्द मात्र निसरडा आहे. वर्ष कोणते, संगीत बांधले ते की चित्रपट लागला ते? संगीत म्हणजे काय, गाणी की पडद्यामागून वाहणारे सूर? आणि ते कोणाचे, ज्याचे नाव पाटीवर आहे त्याचे, की ज्याने रात्र जागून कागदावर उतरवले त्याचे? डिसेंबर सरत आला की घराघरांत, चहाच्या टपरीवर, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत हा वाद रंगतो. तो रंगलाच पाहिजे. मात्र गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास सांगतो की आपण हा वाद बहुतेक वेळा अर्ध्याच कानाने ऐकला. गाणी कोणाची गाजली हे आपण विचारले. संगीताने चित्रपटात काय केले आणि ते कोणाच्या हातांनी केले, हे विचारायचे राहून गेले.

आपल्याकडे चित्रपट बोलू लागला तोच गात. १९३१ च्या ‘आलम आरा’मध्ये सात गाणी होती, पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त ती सत्तरच्या घरात गेली. त्याच १९३२ मध्ये ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ आला, तेव्हा संगीत देण्यासाठी आणि भूमिकेसाठीही गोविंदराव टेंबे होते. संगीत नाटकाच्या रंगमंचावरून ते थेट स्टुडिओत आले. मराठी प्रेक्षकांचा कान नाट्यपदांवर पोसलेला होता. पद संपले की ‘वन्स मोअर’ मागायचा, हीच रसिकतेची रीत होती. तीच सवय आपण चित्रपटगृहात घेऊन गेलो. त्यामुळे दोन गाण्यांच्या मधली जागा आपल्या लेखी रिकामी राहिली.

ती रिकामी नसते, हे आपल्याच मातीतल्या एका चित्रपटाने फार लवकर दाखवून दिले होते. १९३७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून ‘कुंकू’ केला. संगीत केशवराव भोळे यांचे. या चित्रपटाला रूढ अर्थाचे पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, वस्तूंचे जे आवाज त्या जागी खरोखर उमटतील, तेवढेच प्रेक्षकाला ऐकू येतात. म्हाताऱ्या काकासाहेबांच्या दिवाणखान्यातले घड्याळ हे तिथे जणू एक पात्रच आहे. वाद्यमेळ मुद्दाम दूर ठेवून आवाजांनी नाट्य उभे करायचे, हा निर्णय पुण्याच्या स्टुडिओत घेतला गेला तेव्हा जगातली बहुतेक स्टुडिओ-नगरे प्रत्येक प्रसंगाखाली व्हायोलिनचा गालिचा अंथरत होती. ‘कुंकू’च्या वर्षी कोणी ‘उत्कृष्ट पार्श्वसंगीत’ असा पुरस्कार ठेवला असता, तर परीक्षकांनी पार्श्वसंगीत नसलेल्या चित्रपटाला तो दिला असता का? मला वाटते, द्यायला हवा होता. कुठे गप्प राहायचे हे ठरवणे हेसुद्धा संगीतकाराचेच काम आहे.

त्या वेळी अमेरिकेतही चित्र फारसे वेगळे नव्हते. ऑस्कर १९२९ पासून दिले जात होते, पण संगीताचा विभाग आला तो १९३४ च्या चित्रपटांसाठी. पहिली चार वर्षे पुतळा संगीतकाराच्या हाती न पडता स्टुडिओच्या संगीत विभागाच्या प्रमुखाकडे जात असे. १९३७ च्या ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’ला संगीताचे ऑस्कर मिळाले, ते युनिव्हर्सलच्या विभागप्रमुखांनी, चार्ल्स प्रेविन यांनी स्वीकारले. त्या चित्रपटात संगीतकार म्हणून कोणाचेही नाव दिलेले नव्हते. काम खात्याचे आणि मान साहेबाचा, ही कार्यालयांत मुरलेली पद्धत कलेच्या पहिल्याच पुरस्कारांत शिरली होती. पुढे नियम बदलले, नावे येऊ लागली. ते आपोआप झाले नाही. दरवर्षीच्या कुरबुरींतून, भांडणांतून झाले.

मुंबईत २१ मार्च १९५४ रोजी मेट्रो चित्रपटगृहात ‘फिल्मफेअर’चे पहिले पुरस्कार दिले गेले. विभाग फक्त पाच. चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पाचवा संगीतकार. कथा, छायाचित्रण, संकलन यांच्या आधी संगीताला मान मिळाला, यावरून या देशातल्या चित्रपटाच्या काळजाचा ठाव लागतो. पण त्याच पहिल्या वर्षी पुढच्या सगळ्या वादांचे बीजही पडले. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दो बीघा ज़मीन’, संगीतकार सलील चौधरी. सर्वोत्कृष्ट संगीताचा मान मात्र ‘बैजू बावरा’चे नौशाद यांना. ‘बैजू बावरा’ची रागदारी गाणी अजोड आहेत, याबद्दल दुमत नाही. तरी प्रश्न उरतोच. जो चित्रपट सर्वांत चांगला, त्याला तसा करण्यात संगीताचा वाटा किती होता, हे कोणी मोजले का?

मोजायचे ठरवले तरी मापे सगळी गाण्यांचीच होती. ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. त्याच वर्षी माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बा. वि. केसकर हे आपल्या पुण्याचे. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली आणि श्रोते सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारने ती चूक दुरुस्त केली. केसकरांचा हेतू प्रामाणिक होता, पण ऐकणाऱ्याला तुच्छ लेखून कोणाची अभिरुची घडत नाही. तोवर तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पसंती यांवर चालणारी गीतमालेची वार्षिक यादी देशभरातल्या घरांत वर्षाचा निकाल बनली होती. डिसेंबरच्या शेवटच्या बुधवारी कोणते गाणे पहिले येते, यावर पैजा लागत. ती यादी लोकांची होती, आणि तिचे प्रेम खरे होते. फक्त तिला तीन मिनिटांची तबकडी ऐकू येई; अडीच तासांचा चित्रपट ऐकू येत नसे.

१९५७ हे साल घ्या. ‘मदर इंडिया’ला नौशाद, ‘प्यासा’ला सचिनदेव बर्मन, ‘दो आँखें बारह हाथ’ला वसंत देसाई, ‘नया दौर’ला ओ. पी. नय्यर. ‘फिल्मफेअर’ मिळाले नय्यर यांना. पंजाबी ठेक्याची ती गाणी आजही ताजी आहेत. तो मान त्यांना मिळाला यात कोणावरही अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण पासष्टहून अधिक वर्षांनी ती चारही नावे पुन्हा समोर मांडली की दिसते, की ती चार वेगळ्या प्रकारची कामे होती. सिंधुदुर्गातल्या सोनवड्यात जन्मलेल्या वसंत देसाई यांनी औंध संस्थानातल्या खुल्या तुरुंगाच्या प्रयोगावर बेतलेल्या चित्रपटाला संगीत दिले. तिथे गाण्यांइतकेच महत्त्व होते ते सहा कैदी, एक जेलर आणि उजाड माळ यांच्यातल्या ताणाला. ‘प्यासा’त गाणे हे संवादाचेच पुढचे पाऊल होते. चार निराळ्या पिकांना एकाच तागडीत घालून वजन करायचे, तर निदान कशाचे वजन करतो आहोत हे आधी सांगायला हवे होते. ते कोणी सांगितले नाही.

पुढच्या वर्षांत हेच वारंवार घडले. १९६० च्या चित्रपटांत ‘मुग़ल-ए-आज़म’ सर्वोत्कृष्ट ठरला, पण संगीताचा पुरस्कार ‘दिल अपना और प्रीत पराई’ला गेला. ‘गाइड’ने १९६७ मध्ये चित्रपटापासून अभिनयापर्यंतचे मान मिळवले, आणि संगीताचा मान ‘सूरज’ला मिळाला. दोन्ही वेळा विजेते शंकर-जयकिशन. त्यांच्या प्रतिभेबद्दल शंका घेणे कृतघ्नपणाचे ठरेल. आपल्या वाद्यमेळात ज्या भव्यतेची आज आपल्याला सवय आहे, तिचा मोठा भाग त्यांनीच घडवला. पण वाद त्यांच्याशी नाहीच. वाद आहे तो निकषाशी.

आणि या वादांतून काही निष्पन्न होत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी एक घटना पुरेशी आहे. ‘चोरी चोरी’च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला, तेव्हा सोहळ्यात त्यातले गाणे गायला लता मंगेशकर यांनी नकार दिला. गायकासाठी पुरस्कारच नव्हता, मग गायकाने का गावे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. एका गायिकेने ठामपणे नाही म्हटले, म्हणून पाटीवर एक जागा निर्माण झाली. वादाची ताकद ही असते.

आता पुन्हा १९७२ कडे येऊ. त्या वर्षीच्या संगीतावर या देशात निदान चार निकाल लागले. ‘फिल्मफेअर’ने ‘बेईमान’ निवडला. राष्ट्रीय पुरस्कार सचिनदेव बर्मन यांना ‘ज़िंदगी ज़िंदगी’साठी मिळाला. गीतमालेच्या वार्षिक यादीत राहुलदेव बर्मन यांचे ‘हरे राम हरे कृष्ण’मधले गाणे पहिले आले. चौथा निकाल लोकांच्या मनात लागला, आणि तो ‘पाकीजा’चा होता. याच वर्षी ‘अमर प्रेम’, ‘परिचय’ आणि ‘शोर’ही आले. मराठीत राम कदम यांनी ‘पिंजरा’ला संगीत दिले. जगदीश खेबुडकर यांची गीते, ढोलकी-हलगीचा तमाशा, आणि त्याच तमाशात एका आदर्श शिक्षकाचे कणाकणाने कोसळणे, या सगळ्याची एकजीव वीण कदम यांनी घातली. त्या वर्षीच्या कोणत्याही हिंदी संगीताशेजारी ती निःसंकोच ठेवता येईल. एकाच वर्षात एवढे! कोणताही एक निकाल अपुराच ठरणार होता.

तरीही ‘पाकीजा’चे शल्य वेगळे आहे. कमाल अमरोही यांचा हा चित्रपट सुमारे दीड दशक रखडला होता. गाणी त्या आधीच्या काळात बांधली गेली. मराठा मंदिरमध्ये फेब्रुवारी १९७२ मध्ये तो झळकला तेव्हा हिंदी संगीताची चाल बदलली होती. गिटार आणि बाँगोचा जमाना होता. म्हणजे ‘लाइमलाइट’सारखेच इथेही संगीताचे वर्ष आणि पुरस्काराचे वर्ष जुळत नव्हते. परीक्षकांनी ‘यंदाचे’ काय हे पाहिले, आणि त्यांच्या कानाला हे सूर मागच्या जमान्यातले वाटले असावेत. ३१ मार्च १९७२ रोजी चित्रपटाच्या नायिका मीनाकुमारी गेल्या आणि लोकांनी चित्रपटगृहांसमोर रांगा लावल्या. गुलाम मोहम्मद यांच्या गाण्यांनी तो जमाना परत आणला.

इथे आणखी एक पदर आहे, तो कमी बोलला जातो. गुलाम मोहम्मद यांच्या निधनानंतर ‘पाकीजा’चे पार्श्वसंगीत पूर्ण केले ते नौशाद यांनी. गुलाम मोहम्मद हे कित्येक वर्षे नौशाद यांचे सहायक होते. शिष्यासारख्या सहकाऱ्याचे अपुरे काम गुरूने हाती घेतले. चित्रपट आठवून पाहा. रेल्वेच्या डब्यात झोपलेल्या नायिकेच्या, साहिबजानच्या पायांशी एक अनोळखी माणूस चिठ्ठी ठेवून जातो. त्यानंतर आगगाडीची शिटी तिचा पिच्छा सोडत नाही. कोठ्यावर मैफल रंगलेली असताना, गाणे संपता संपता, दुरून ती शिटी येते आणि तिचा चेहरा बदलतो. त्या शिटीला चाल नाही, शब्द नाहीत, तिची तबकडी निघत नाही. पण चित्रपटाची सगळी व्यथा तिच्यात आहे. ‘पाकीजा’वर अन्याय झाला म्हणताना आपणही बहुतेक वेळा गाण्यांचीच यादी वाचतो. शिटीचे श्रेय कोणालाच देत नाही.

राष्ट्रीय पुरस्कारांचा कान काही काळ वेगळा होता, हे नोंदवले पाहिजे. संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. पहिला मान तमिळ ‘कंदन करुणै’साठी के. व्ही. महादेवन यांना. १९७२ नंतरच्या वर्षांत तो सत्यजित राय यांना ‘अशनि संकेत’साठी, आनंद शंकर यांना ‘कोरस’साठी आणि ब. व. कारंत यांना ‘ऋष्यशृंग’ व ‘घटश्राद्ध’साठी मिळाला. ही संगीते गाजलेल्या गाण्यांच्या जोरावर उभी नव्हती. ती दृश्याच्या आत शिरून काम करणारी होती. एका सरकारी व्यवस्थेने, लोकप्रियतेचा कोणताही दबाव नसताना, पडद्यामागचे सूर ऐकले. तेव्हाच्या परीक्षकांनी हे धैर्य दाखवले, त्याची आज आठवण ठेवली पाहिजे.

पण नुसते ऐकून भागत नाही. ते सूर कोणी लिहिले? या प्रश्नाचे उत्तर शोधायला गोव्यात जावे लागते. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन, ट्रम्पेट आणि मुख्य म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. ही मुले मुंबईत आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली, आणि बोलपट वाढला तशी स्टुडिओत शिरली. संगीतकार हार्मोनियमवर चाल सांगे. ती चाल साठ-सत्तर वादकांसाठी कागदावर उतरवणे, कोणते वाद्य कुठे येईल हे ठरवणे, हे काम अरेंजरचे. पार्श्वसंगीताच्या वेळी तर पडद्यावर रीळ चालू असे आणि समोर सगळा वाद्यवृंद. प्रसंग किती सेकंदांचा, दार कधी उघडते, पात्र कधी वळते, याचा हिशेब कागदावर असे. एक सेकंद चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

शंकर-जयकिशन यांच्या संचात हे काम सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले. त्याच संचात तालाची बाजू दत्ताराम वाडकर यांनी सांभाळली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस अशी कितीतरी नावे. माजोर्ड्याचे गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीत एकत्र आणणारा वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स महाविद्यालयात मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे नाव गाण्यात आले, ते शिष्याने वाहिलेल्या गुरुदक्षिणेसारखे. देशभर पोरांनी ते नाव तोंडपाठ केले. हा माणूस खरा आहे, मुंबईत राहून गेला आणि नंतर आपल्या गावी परतला, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ मध्ये ते गेले. ज्याचे नाव सगळ्या देशाला माहीत आणि काम कोणालाच माहीत नाही, असा हा आपल्या चित्रपटसंगीताचा शिल्पकार. सर्वोत्कृष्ट संगीताचा वाद घालताना आपण दरवर्षी ज्यांना वगळत आलो, त्या सगळ्यांचा तो प्रतिनिधी आहे.

दुरुस्ती झाली, पण फार सावकाश. बी. आर. चोप्रा यांच्या ‘कानून’मध्ये १९६० मध्ये एकही गाणे नव्हते, सलील चौधरी यांनी केवळ पार्श्वसंगीतावर तो तोलून धरला. १९६९ च्या ‘इत्तेफ़ाक़’मध्ये पुन्हा तेच केले. असे काम मोजणारे माप तेव्हा नव्हते. १९९४ च्या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कारांत प्रथमच पार्श्वसंगीताचा वेगळा मान दिला गेला. तो मल्याळम ‘सुकृतम्’साठी जॉन्सन यांना मिळाला, आणि त्याच चित्रपटाच्या गाण्यांसाठी रवी यांना. एकाच चित्रपटात दोन वेगळी कामे आणि दोन वेगळी माणसे असू शकतात, हे त्या दिवशी अधिकृतपणे मान्य झाले. मग तो विभाग बंद पडला आणि २००९ च्या पुरस्कारांत परत आला. तेव्हा गाण्यांसाठी ‘देव डी’चे अमित त्रिवेदी आणि पार्श्वसंगीतासाठी ‘पळशी राजा’चे इळैयराजा असे दोघे निवडले गेले. ‘फिल्मफेअर’ने पार्श्वसंगीताचा विभाग १९९८ मध्ये सुरू केला; पहिला मान ‘गुप्त’साठी विजू शाह यांना. पहिल्या सोहळ्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी.

हा विभाग वेगळा झाल्याने वाद मिटले का? नाही, आणि मिटूही नयेत. वादाची पातळी मात्र बदलली. १९९२ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत इळैयराजा यांचे ‘तेवर मगन’ आणि नवख्या ए. आर. रहमान यांचे ‘रोजा’ यांच्यात मते समान पडली. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष बालू महेंद्र होते. स्वतःच्या चित्रपटांचे संगीत ते वर्षानुवर्षे इळैयराजा यांच्याकडून करून घेत आले होते. निर्णायक मत त्यांनी रहमान यांना दिले. मैत्रीपेक्षा कानाला प्रमाण मानणारा तो क्षण होता. त्या तरुणाने सोळा वर्षांनी ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या संगीतासाठी ऑस्कर घेतले तेव्हा बालू महेंद्र यांच्या मताचे मोल अधिकच कळले.

मराठीत आज या वादाला पुन्हा धार आली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. ‘जोगवा’साठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये पूर्ण सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले. ती गाणी गावोगाव वाजली. तीन वर्षे आधी ‘सैराट’च्याच नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला होता, अलोकनंदा दासगुप्ता यांच्या पार्श्वसंगीतासह. त्यात डुक्कर पकडण्यासाठी जब्याचे कुटुंब धावत असते, आणि शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निसटून जाते. तिथे नवी धून नाही. सर्वांना पाठ असलेला आवाज योग्य क्षणी येतो आणि प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. ‘कुंकू’तले घड्याळ, ‘पाकीजा’तली शिटी आणि ‘फँड्री’तले हे राष्ट्रगीत एकाच परंपरेतले आहेत. तिला नाव देऊन तिच्याविषयी बोलायला आपण शिकले पाहिजे.

त्यासाठी तीन गोष्टी करायला हव्यात, आणि त्या अवघड नाहीत.

पहिली, परीक्षकांनी आणि आपण रसिकांनीही संगीताचा निवाडा करण्यापूर्वी संपूर्ण चित्रपट अंधारात बसून पाहावा. मोबाइलवर वाजलेली गाणी हा पुरावा पुरेसा नाही. गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, ‘शोले’च्या तर संवादांचीही तबकडी निघाली, पार्श्वसंगीताच्या फारशा निघाल्या नाहीत. ते ऐकायचे ठिकाण एकच, खुद्द चित्रपट.

दुसरी, संगीतकाराबरोबर अरेंजर, वादक आणि ध्वनिमुद्रक यांची नावे पुरस्काराच्या घोषणेत वाचली जावीत. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. चित्रपटांच्या रिळांइतक्याच काळजीने संगीताचे हस्तलिखित कागद तिथे जपले जावेत. सेबॅस्टियन डिसोझा यांच्या हातचे एखादे पान पाहायला मिळाले, तर आपल्या मुलांना कळेल की आजोबांच्या आवडीच्या गाण्यामागे किती माणसांचे श्रम होते.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची. दरवर्षीच्या पुरस्कारांबरोबर पंचवीस वर्षांपूर्वीच्या चित्रपटांचाही पुन्हा विचार व्हावा. जुना निकाल रद्द करण्यासाठी नव्हे. त्या वेळच्या कानांना जे ऐकू आले नाही, ते आज ऐकण्यासाठी. निनो रोटा यांना अकादमीने १९७३ मध्ये नाकारले आणि दोनच वर्षांनी ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागासाठी, तीच धून असूनही, पुरस्कार दिला. चॅप्लिन यांना वीस वर्षे थांबावे लागले. हे योगायोगाने घडले. आपण ते ठरवून करू शकतो. उशिरा मिळालेला न्यायही न्यायच असतो, आणि कलेत तो अनेकदा अधिक नेमका असतो.

वर्षाचा कौल घाईत दिला जातो, कारण वर्ष संपत असते. काळाला तशी घाई नसते. पण काळ आपोआप निवाडा देत नाही. कोणीतरी पुन्हा ऐकावे लागते, पुन्हा भांडावे लागते. १९७३ मध्ये प्राण यांनी ते केले. निकाल त्यांनी बदलला नाही. त्या वर्षीच्या यादीत ‘बेईमान’च आहे. पण आज, पन्नासहून अधिक वर्षांनी, त्या वर्षाचे संगीत आठवताना आपल्या मनात आधी ‘पाकीजा’ येतो, यात त्या एका नकाराचाही वाटा आहे. येत्या डिसेंबरात आपणही हा वाद जरूर घालू या. फक्त गाणे संपल्यावर लगेच उठू नये. थोडे थांबावे. दुरून आगगाडीची शिटी येत असेल.